पिस्तूल घेण्याआधी

नरसी नामदेव, ता. जि. हिंगोली
आषाढ वद्य त्रयोदशी

चि. सोनीस मामाचे अनेक आशीर्वाद.

परवा एकादशीला परतवारीची गर्दी होती. पंढरपूरहून फिरलेल्या दिंड्या, कयाधू नदीपर्यंत नुसती माणसं, तुझी मामी दोन दिवस चुलीपासून हलली नाही. त्या गडबडीत तुझ्या मायचा फोन आला. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीनं तिला सगळं सांगितलं आहे, तेव्हा आता लपवू नकोस. उजव्या मनगटाला पट्टी बांधून रेंजवर जातेस. रात्री जेवताना डाव्या हातानं घास घेतेस. आणि एका सिनिअर मुलाचं वापरलेलं पिस्तूल एक लाख तीस हजाराला ठरवून ठेवलंस, बापाकडं हळदीचे पैसे मागितलेस. कारण काय, तर त्या पिस्तुलानं त्यानं राज्यात मेडल घेतलं.

आधी मनगटाचं बोलतो, पिस्तुलाचं मागाहून. दुखतं कुठं? अंगठ्याच्या मुळाशी, की करंगळीच्या बाजूला? अंगठ्याच्या मुळाशी असेल तर मला कारण इथं बसून सांगता येतं. तुझ्या हातात आत्ता जे क्लबचं पिस्तूल आहे त्याची मूठ तुझ्या पंज्याला मोठी आहे, आणि जे घ्यायला निघालीस त्याची तर आणखी मोठी. पट्टीनं हे झाकलं जाईल, बरं होणार नाही. शिवाय तुला ठाऊक असेलच, मॅचमध्ये पिस्तूल धरायच्या हातावर घड्याळ, बांगडी, मनगटपट्टी काही म्हणता काही चालत नाही. मनगट उघडं दिसलं पाहिजे. म्हणजे वरळीला इझिकेल नेमबाजी स्पर्धेत उभी राहशील तेव्हा ती पट्टी काढून बॅगेत ठेवावी लागणार, आणि पुढं सव्वा तासात साठ शॉट. एका हातानं, किलोभराचं वजन, खांद्याच्या उंचीला, साठ वेळा. आणि जो शॉट सोडवत नाही तो खाली घेऊन पुन्हा उचलायचा, ते वेगळंच. पट्टीच्या भरवशावर केलेला सराव त्या दिवशी कुठं कामाला येईल?

माझी सगळी नोकरी हिंगोलीच्या राज्य राखीव दलात, गट क्रमांक १२ च्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, गेली हे तू जाणतेस. लहानपणी कोतातल्या तेलाचा वास माझ्या सदऱ्याला येतो म्हणून नाक मुरडायचीस. त्या कोतात ईशापूरच्या कारखान्यातलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल असायचं. मॅगझिनमध्ये १३ राउंड, तेही दोन रांगांत, म्हणून मूठ जाड. सरकारी हत्यार सगळ्यांना एकच. सहा फुटी जवानाला तेच आणि पाच फुटी पोरीलाही तेच. वार्षिक फायरिंगला जिल्ह्याच्या पोलीस मुली आल्या की मी फायरिंग लाइनीच्या मागं उभा राहून त्यांचे हात बघायचो. बोट ट्रिगरपर्यंत पोचत नसे. मग त्या काय करत, तर अख्खा पंजा मुठीभोवती फिरवून घेत. अंगठा आणि तर्जनीमधला बेचका पिस्तुलाच्या पाठीमागून बाजूला सरके, आणि दणका बेचक्यात बसायचा तो थेट अंगठ्याच्या मुळावर बसे. दोन-चार राउंडनंतर कोणीही डोळे मिटणारच. वरून शेरा मिळायचा की घाबरते. त्या घाबरत नव्हत्या, त्यांना लागत होतं. पण तिथं मूठ बदलायची सोयच नव्हती. जे कोतातून निघेल ते धरायचं.

तुला सोय आहे, सोनी. माझा जीव तुटतो तो इथंच. तुमच्या खेळात पिस्तुलाची मूठ वेगळी निघते. अक्रोडाच्या लाकडाची, एक्स्ट्रा स्मॉलपासून लार्जपर्यंत, उजव्या हाताची आणि डाव्या हाताची. कानशीनं घासता येते, लाकडाच्या पुट्टीनं भरता येते. ट्रिगरची पट्टी पुढं-मागं सरकते. पंज्याखालचा आधार खाली-वर होतो. आमच्या मुलींना यातलं एकही नशिबी नव्हतं, आणि तू मात्र हे सगळं असताना दुसऱ्याच्या हाताला घासलेली मूठ पैसे मोजून घेणार!

त्या मुलाच्या पिस्तुलाला मी नावं ठेवत नाही. स्टायर असो, मोरिनी असो, पार्दिनी असो, नळीत खोट काढायला जागा नाही. पण घेण्याआधी एवढं कर. रिकामं पिस्तूल मुठीत नीट बसव. बेचका वरपर्यंत, मागच्या कुबडाला टेकलेला. मनगट, कोपर आणि नळी एका रेषेत येतात का बघ. आता डोळे मिट, हात नेमाच्या उंचीला ने, थोडी थांब आणि डोळे उघड. पुढची साईट मागच्या खाचेत मधोमध दिसली तर मूठ तुझी. दर वेळी एकाच बाजूला जात असेल आणि तू मनगट वळवून ती मधे आणत असशील, तर सव्वा तास तू नेम धरत नाहीस, लाकडाशी भांडत असतेस. तुझं मनगट दुखतंय ते ह्याच भांडणानं, असं माझं मन सांगतं.

मग बोट बघ. पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर यायला हवा, आणि बोटाची बाकी बाजू लाकडाला चिकटायला नको, मधे फट दिसली पाहिजे. नुसतं टोक पोचत असेल तर ट्रिगर सरळ मागं येत नाही, बाजूला ढकलला जातो, आणि उजव्या हातानं खेळणाऱ्याचे छर्रे बहुतेक डावीकडं जमतात. तुझी मागची टार्गेटं तू मला मोबाईलवर पाठवली होतीस. नऊ-आठ, सगळे डावीकडं, आणि तू खाली लिहिलंस की माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मनाला दोष देऊ नकोस. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं, तेही दहा मीटरवर. बोट केसभर तिरकं पडलं तरी छर्रा तिथून बाहेर. आधी ट्रिगरची पट्टी मागं घेऊन बघ, बोट पोचतं का. हे फुकटात होतं.

तुझी माय म्हणाली की तू रात्री डंबेल मारतेस, का तर हात मोठा होईल म्हणून. सतराव्या वर्षी पंजा आता वाढायचा तेवढा वाढला, बाई. दंड भरेल, खांदा भरेल, ते चांगलंच. पण बोटं लांब होणार नाहीत. आणि दुखऱ्या मनगटानं डंबेल उचलणं आजपासून बंद. हे मी विचारत नाही, सांगतोय.

इथं पारावर काय चाललंय तेही ऐक, नाहीतर दुसऱ्याकडून कळून वाईट वाटेल. कोणी पसरवलं देव जाणे, सोनी पिस्तूल घेते म्हणे, लायसन काढते म्हणे. एकानं तर तुझ्या बापाला सल्ला दिला की घ्यायचंच तर बायकांसाठी सरकारनं काढलेलं ते ‘निर्भीक’ घ्या. मी त्यांना बसवून समजावलं की ४.५ मिलिमीटरचं खेळाचं एअर पिस्तूल वेगळं, त्याला बंदुकीसारखा परवाना लागत नाही. ‘निर्भीक’ २०१४ साली कानपूरच्या कारखान्यानं काढलं, .३२ चं रिव्हॉल्व्हर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. बाई म्हणजे हलकं हत्यार, असा तो हिशेब. पण कोतात बसलेल्या माणसाला विचारा. गोळी तीच ठेवून हत्यार हलकं केलं की झटका वाढतो, आणि तो हातालाच सोसावा लागतो. हात लहान आहे म्हणून मूठ बारीक हवी, ट्रिगर जवळ हवा. नुसतं वजन कमी करून भागत नाही. तुझ्या पिस्तुलाला झटका जवळजवळ नाहीच, तिथं वजनाचं गणित निराळं. दीड किलोपर्यंत नियमानं चालतं आणि नळीकडं थोडं वजन असलं तर हात स्थिर राहतो हे खरं, पण ते वजन मनगटाच्या किती पुढं लटकतं हे तुला बघायला हवं. म्हणून आखूड नळीची पिस्तुलं येतात. मी नावं घेतली त्या तिन्ही कंपन्यांची आखूड मॉडेलं आहेत. ती लहान पोरांची म्हणून नाक मुरडू नकोस, मोठ्या स्पर्धेत चालतात.

मागं मी फोनवर ओरडलो तेव्हा तू मला त्या हंगेरीच्या नेमबाज ताकाचची गोष्ट पाठवलीस. १९३८ ला हातबॉम्बनं उजवा हात गेला, तो डाव्या हातानं शिकला आणि १९४८ ला आणि १९५२ ला ऑलिम्पिकचं सुवर्ण घेतलं. खरी गोष्ट आहे आणि मोठा माणूस आहे. पण लेकरा, त्याचा हात गेला म्हणून त्यानं दुसरा धरला. तुझा हात शाबूत आहे. शाबूत हात दुखवून घेऊन त्याची बरोबरी कशी होईल? आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचं बघ. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुलात अनिसा सय्यदबरोबर जोडीचं सुवर्ण, २०१३ ला चांगवॉनला विश्वचषकाचं. आणि मग कोपराच्या दुखापतीनं त्या पोरीला किती काळ बाहेर बसवलं! २०१८ ला पालेमबांगला आशियाई सुवर्ण घेऊन ती परत आली, पण मधली वर्षं तिनं कशी काढली असतील हा विचार माझ्या मनातून जात नाही. तिच्या पाठीशी डॉक्टर होते, फिजिओ होते. आपल्याकडं काय आहे? तू आहेस आणि तुझं मनगट आहे.

एक गोष्ट तुला मायनं कधी सांगितली नसेल, सांगणारही नाही. ज्वारी हुरड्यात आली की आम्ही पाखरं राखायला माळ्यावर असायचो. आमच्या घरात गोफण सगळ्यात लांब आणि सगळ्यात नेमकी कोणाची, तर तुझ्या मायची. तिचा हातही असाच, तुझ्याएवढा. वडिलांची गोफण तिला रुंद पडायची, दगड टिकायचा नाही. तेव्हा तिनं अंबाडीचा वाख घेऊन स्वतःच्या हाताच्या मापानं दुसरी वळली, बोटात अडकवायचा फासही आपल्या बोटाएवढा केला. बांधावरल्या बाभळीची सांगितलेली फांदी ती हलवून दाखवायची. सातवीनंतर तिची शाळा सुटली. मी तेव्हा नुकता भरती झालो होतो, पगार हातात होता, हिंगोलीत तिला शिकायला ठेवा एवढं एक वाक्य वडिलांपुढं बोललो असतो तर त्यांनी ऐकलं असतं. बोललो नाही. पोलिसांच्या क्रीडा स्पर्धांना मी हत्यारं घेऊन जायचो, मेडल घेणाऱ्या मुली बघायचो, आणि दर वेळी मला तो माळा दिसायचा. तू पुण्यात बालेवाडीला खेळायला गेलीस त्या दिवशी मी मंदिरात जाऊन नामदेवरायापुढं बसलो होतो, ते यासाठी.

म्हणून एवढं लिहितो. तुझा नेम जाईल याची मला चिंता नाही, तो घरातला आहे. तुझा हात दुखावेल आणि दुखतो म्हणून तुला हा खेळच नकोसा होईल, मला रात्री झोप लागत नाही ती याची. पोरं हात लहान आहे म्हणून चिडवत असतील तर चिडवू देत. तो हात तुझ्या आजीचा आहे, तुझ्या मायचा आहे.

आता काय करायचं ते. त्या मुलाला सांग, पिस्तूल पंधरा दिवस थांबव. पिस्तूल चांगलं असेल आणि तो मुठीशिवाय दर कमी करत असेल तर घेऊ, मूठ आपण तुझ्या मापाची वेगळी मागवू. नसेल ऐकत तर सोडून दे, दुसरं मिळेल. कोचना विचारून एका दिवसासाठी कोणाचं आखूड मॉडेल हातात घेऊन बघ. फिजिओकडं उद्याच जा, फी मी पाठवतो, बापाला सांगू नकोस. तो म्हणेल ते बरंच झालं, राहू दे खेळ. पैशाचं तू मनावर घेऊ नकोस. हळदीचे नाही पुरले तर माझ्या पेन्शनीत अजून जागा आहे.

आणि एक कर. कोऱ्या कागदावर उजवा पंजा ठेव, बोटं सहज राहू देत, ताणू नकोस, आणि पेन्सिल उभी धरून भोवती रेघ ओढ. मनगटाची घडी कुठं येते तिथं खूण कर. मूठ करणारे तेवढ्यावरून माप धरतात. मोबाईलवर फोटो पाठवू नकोस, माप चुकतं. कागदच पाकिटात घालून पाठव. मूठ आली की दिवाळीत इकडंच घेऊन ये. घाईनं पुण्यात कोणाकडून घासून घेऊ नकोस. आपण पडवीत बसू, तुझ्या पंज्याला खडू लावू, मूठ धर, जिथं खडू उमटेल तिथं थोडं घासू, पुन्हा धर. एका दिवसात नाही होणार. तू चार-आठ दिवस तरी राहशील.

मी वर जास्त बोललो असेन. मामी म्हणते, पोरगी एकटी राहते परगावी आणि तुम्ही पत्रात ओरडता. तिनं शेंगदाण्याचे लाडू केलेत, पुण्याला जाणाऱ्या गाडीत कोणी ओळखीचं मिळालं की देतो. डाव्या हातानं खाऊ नकोस. आणि उजवा खरंच किती दुखतो ते मला एकट्याला लिही, तुझ्या मायला नाही सांगणार.

तुझा
मामा