ध्वनिमुद्रित निरोपातील अस्पष्टता : कारणे व शोध

दूरध्वनीवरून बोलताना एखादा शब्द नीट ऐकू आला नाही, तर आपण "काय म्हणालात?" असे विचारतो आणि बोलणारा तो शब्द पुन्हा उच्चारतो. संभाषणातील पुष्कळसे दोष अशा रीतीने बोलता बोलताच दुरुस्त होतात. कार्यालयातील व्हॉइसमेल, म्हणजे निरोप साठवून ठेवणारी यंत्रणा, हिच्या बाबतीत मात्र ही सोय नसते. निरोप ऐकला जातो तेव्हा बोलणारा तेथे नसतो. जो ध्वनी मुद्रित झाला नाही, तो कायमचा गेला.

एक उदाहरण घेऊ. जयपूर नगरीची आखणी करणारे विद्याधर भट्टाचार्य यांच्या नावाने विद्याधर नगर ही वसाहत ओळखली जाते. समजा, तेथील एका व्यापारी कार्यालयात नागपूरच्या ग्राहकाने रात्री निरोप ठेवला, "साठ रजया पाठवा." सकाळी कारकुनास ऐकू आले, "आठ रजया पाठवा." मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत या दोन संख्यांमध्ये केवळ एका 'स'चा फरक आहे. तो 'स' कोठे हरवला, हे कसे शोधावे?

ध्वनीचा मार्ग

ध्वनी साठवून ठेवण्याची कल्पना जुनी आहे. डेन्मार्कचे अभियंते वाल्देमार पौल्सेन यांनी १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकीय रीतीने ध्वनी मुद्रित करणारे यंत्र तयार केले. दूरध्वनीवरील निरोप नोंदविणे हा त्याचा एक हेतू होता. आजच्या यंत्रणेत ध्वनी तारेवर नव्हे, तर अंकांच्या रूपात साठविला जातो. आणि तेथे पोहोचेपर्यंत त्याला अनेक टप्पे ओलांडावे लागतात.

पहिला टप्पा मायक्रोफोनचा. येथे हवेतील कंपनांचे विद्युत्प्रवाहात रूपांतर होते. दुसरा टप्पा वाहिनीचा. साधी दूरध्वनी-वाहिनी दर सेकंदास सुमारे ३०० ते ३४०० कंपने एवढ्याच पट्ट्यातील ध्वनी पुढे जाऊ देते. स्वर ओळखण्यास हा पट्टा पुरेसा असतो. परंतु 'स'ची बहुतेक शक्ती ४००० कंपनांच्या वर असते. म्हणजे 'स' प्रवासाच्या आरंभीच दुर्बळ होतो.

तिसरा टप्पा अंकीकरणाचा. प्रवाहाचे दर सेकंदास ८००० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुना ८ बिटांत लिहिला जातो. अर्थात दर सेकंदास ६४,००० बिट होतात. १९७२ साली या पद्धतीस आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. चौथा टप्पा साठवणीचा. वरील हिशेबाने एका मिनिटाच्या निरोपास ४,८०,००० बाइट जागा लागते. जागा वाचविण्यासाठी ध्वनीचे संक्षेपण करतात. दर सेकंदास ८००० बिटांची पद्धत वापरल्यास हीच जागा ६०,००० बाइटांवर येते. परंतु या काटकसरीची किंमत ध्वनीच्या बारकाव्यांनी चुकवावी लागते.

लक्षणांवरून निदान

वैद्य ज्याप्रमाणे लक्षणांवरून रोगाचा अंदाज बांधतो, त्याप्रमाणे येथेही ध्वनीचे स्वरूप लक्षपूर्वक ऐकावे.

सतत गुणगुण ऐकू येत असल्यास विजेच्या प्रवाहाचा संशय घ्यावा. आपल्याकडील वीजप्रवाहाची कंपने दर सेकंदास ५० असतात. ती दूरध्वनीच्या पट्ट्याबाहेर असली, तरी त्यांच्या पटीतील कंपने पट्ट्यात येतात. सदोष भूजोडणी, बिघडलेला अ‍ॅडॉप्टर किंवा विजेच्या तारेलगत नेलेली दूरध्वनीची तार, ही त्याची नेहमीची कारणे होत. खरखर येत असेल व ती पावसाळ्यात वाढत असेल, तर तांब्याच्या तारेच्या सांध्यात ओल शिरली असण्याचा संभव असतो.

मोठ्याने बोलताच आवाज फाटत असल्यास ध्वनीची पातळी प्रमाणाबाहेर आहे. लाटेचे शेंडे कापले जात आहेत. सर्वच आवाज कर्कश येत असेल, तर दोन यंत्रांच्या अंकलेखनाच्या नियमांत मेळ आहे की नाही ते पाहावे. भारतात व युरोपात 'ए' नियम, तर उत्तर अमेरिकेत व जपानमध्ये 'म्यू' नियम प्रचलित आहे. एका नियमाने लिहिलेला ध्वनी दुसऱ्याने वाचला, तर तो विकृत होतो.

आवाज तुटक येत असल्यास दोष संगणकीय जाळ्यात शोधावा. तेथे ध्वनी बहुधा २० सहस्रांश सेकंदाच्या तुकड्यांत, म्हणजे दर सेकंदास ५० पुडक्यांत पाठविला जातो. काही पुडकी हरवली किंवा उशिरा आली, की शब्दांत खिंडारे पडतात.

शब्दाचा आरंभच नाहीसा होत असल्यास शांतता ओळखणाऱ्या योजनेकडे पाहावे. कोणी बोलत नसताना जागा व्यर्थ जाऊ नये, म्हणून ही योजना केलेली असते. आधीच दुर्बळ झालेला 'स' तिला शांतताच वाटतो. 'आ' येताच ती जागी होते. आपल्या उदाहरणातील 'साठ'चे 'आठ' अशा रीतीने होऊ शकते.

शोधाची रीत

यंत्रे बदलण्याची घाई करू नये. मार्गाचे भाग पाडून प्रत्येक भाग वेगळा तपासावा. त्यासाठी एकाच व्यक्तीने, सारख्याच आवाजात, "सहा, दहा, साठ, आठ" असे ठराविक शब्द प्रत्येक वेळी उच्चारावेत.

प्रथम, मुद्रित निरोप दुसऱ्या यंत्रावर ऐकावा. तेथे तो स्पष्ट असेल, तर दोष ऐकण्याच्या यंत्रात आहे. नंतर कार्यालयातीलच दुसऱ्या दूरध्वनीवरून निरोप ठेवावा. तो स्पष्ट उमटला, तर साठवण सामान्यतः निर्दोष समजावी व बाहेरील वाहिनीकडे वळावे. त्यानंतर बाहेरून एकदा तारेच्या व एकदा मोबाइल दूरध्वनीवरून तीच चाचणी करावी. शेवटी संक्षेपणाची पद्धत बदलून पाहावी. मोबाइलवर एकदा संक्षेपित झालेला ध्वनी साठवताना पुन्हा संक्षेपित झाला, तर दोन्ही वेळची हानी एकत्र होते. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम लिहून ठेवावा. दोन गोष्टी एकदम बदलल्यास गुण कशाने आला ते कळत नाही.

साठवणीनंतर आवाज वाढविल्याने हरवलेला 'स' परत येत नाही. उरलेला गोंगाट मात्र वाढतो. म्हणून दोष जेथे उद्भवतो तेथेच दूर केला पाहिजे. आणि तोवर स्वागताच्या निरोपात एक विनंती अवश्य जोडावी : "संख्या दोन प्रकारे सांगावी, साठ, म्हणजे सहावर शून्य." यंत्राची उणीव भाषेने भरून काढण्याचा हा बिनखर्चाचा उपाय आहे.

स्वाध्याय

१. दर सेकंदास १३,००० बिटांची पद्धत वापरल्यास एका मिनिटाच्या निरोपास किती बाइट लागतील?
२. कार्यालयातून ठेवलेला निरोप स्पष्ट, परंतु बाहेरून आलेले सर्व निरोप तुटक येतात. पुढील चाचणी कोणती कराल?
३. एकाच ध्वनीच्या फरकाने अर्थ बदलणाऱ्या आणखी दोन संख्या शोधून त्यांची चाचणी घ्या.