टाचेत इंजेक्शन घ्यायचंय? असं करा

सकाळी खाटेवरून उतरताना टाचेत खिळा घुसतो ना? चला, क्रमाने जाऊ.

१. आधी दोन-तीन महिने व्यायाम करा. उतरण्यापूर्वी चवड्याला टॉवेल अडकवून पाय सरळ ठेवा, टॉवेल तीस सेकंद आपल्याकडे ओढा, असं तीनदा. हिसका देऊ नका. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

२. तरी दुखणं थांबलं नाही तर अस्थिरोग ओपीडी गाठा: वर्ध्याकडे असाल तर सेवाग्रामचं कस्तुरबा किंवा सावंगी (मेघे)चं विनोबा भावे रुग्णालय.

३. चालू गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

४. स्पष्ट विचारा, "स्टेरॉइड की पीआरपी?" स्टेरॉइडने आराम लवकर पडतो, पण बहुधा काही आठवडे-महिनेच टिकतो. पीआरपी म्हणजे प्लेटलेट्स जास्त असलेला रक्ताचा भाग, तो तुमच्याच रक्तातून काढतात. गुण यायला काही आठवडे लागतात. खर्चही आत्ताच विचारून घ्या, लाजायचं काय त्यात!

५. पीआरपी ठरलं तर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन कधीपासून बंद करायचं ते लिहून घ्या.

६. तारीख घ्या. कापसाची वेचणी भरात असेल तर पुढची घ्या. लगेच शेतात उभं राहता येणार नाही.

७. त्या दिवशी पाय साबणाने धुवा. भेगेतून पाणी किंवा पू येत असेल तर सुई टोचण्याआधी दाखवा. मलम चोपडून लपवू नका.

८. सोबत कुणाला तरी न्या. परतताना गाडी तुम्ही चालवायची नाही.

९. टेबलावर पाय सैल सोडा. सुई बहुधा टाचेच्या आतल्या बाजूने जाते. दुखतं, खोटं कशाला सांगू! पण पाय झटकलात तर सुई भलतीकडे जाईल.

१०. दोन दिवस पायाला आराम द्या. या दिवसांत ठणका वाढला तर घाबरू नका. लाली पसरली, ताप आला तर मात्र लगेच परत जा.

११. मधुमेह असेल आणि स्टेरॉइड घेतलं असेल तर आठवडाभर साखर तपासत राहा. ती चढते.

१२. दोन आठवडे धावणं, उड्या, डोक्यावर ओझं बंद. तळव्यात 'कट्' झालं आणि एकदम कळ आली तर पाऊल टेकवू नका, दवाखाना गाठा. तळव्यातला जाड पट्टा (प्लांटर फॅशिया) तुटलेला असू शकतो.

१३. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर टॉवेल पुन्हा हातात घ्या. दुखणं थांबलं म्हणून व्यायाम सोडला की टाच पुन्हा धरते. मग लगेच दुसरं इंजेक्शन मागू नका. स्टेरॉइड वरचेवर घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजते.