टाकी रंगवायचे किती घ्यायचे? घरच्या बाईक पेंटिंगचा हिशोब



घरीच बाईक पेंटिंग सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, रंगाचा डबा केवढ्याला? खरं तर रंग हा यातला स्वस्त भाग. पैसे जातात ते घासण्यात आणि परत आलेल्या कामात. म्हणून गिऱ्हाईकाची टाकी हातात घेण्याआधी स्वतःची गाडी रंगवा आणि शेजारी वही ठेवा. किती रुपये गेले, किती तास गेले, सगळं लिहा.

सुरुवात धुण्यापासून. जुन्या पॉलिशमधलं सिलिकॉन आणि चेनचं तेल अंगावर राहिलं तर नवा रंग तिथे धरत नाही, बारीक खड्डे पडतात. म्हणून आधी साबणाने धुवा, मगच पेपर मारा. उलटं केलंत तर तेच तेल ओरखड्यांत घुसतं. जुना रंग घट्ट असेल तर पत्र्यापर्यंत खरवडू नका, ३२० नंबरने चमक मारली की पुरे. पोचा असेल तिथेच लांबी भरा. प्रायमर सुकल्यावर ६०० किंवा ८०० चा पेपर पाण्यासोबत. सगळ्यात जास्त तास इथेच जातात आणि नेमकं हेच गिऱ्हाईकाला दिसत नाही.

आता टाकीची गोष्ट. साध्या स्प्रे कॅनचा रंग साइड पॅनेलवर चालून जातो. टाकीवर मात्र पेट्रोल भरताना दोन थेंब सांडले की झाकणाभोवतीचा रंग फुगतो, चिकट होतो. आठवड्यात गिऱ्हाईक दारात! टाकीला हार्डनर घातलेली टू-के क्लिअरच लागते, आणि ती पूर्ण कडक होईपर्यंत पेट्रोलपासून लांब ठेवावी लागते.

पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुफ्फुसाला वाईट; रुमाल किंवा साधा मास्क त्याला अडवत नाही. माझं स्पष्ट मत आहे, राहत्या घरात, पोरंबाळं असताना हे मारूच नका. घासणं, लांबी, प्रायमर घरी करा. रंग आणि क्लिअर सुरुवातीला बूथ असलेल्या पेंटरकडून जॉबवर्कवर करून घ्या. नफा थोडा कमी होईल, होऊ दे. आणि टाकी रिकामी झाली म्हणजे धोका गेला असं समजू नका. आत पेट्रोलची वाफ असते, भरलेल्या टाकीपेक्षा ती लवकर पेटते. जवळ ग्राइंडर नको, बिडी नको.

आता वहीतला हिशोब. आकडे समजण्यापुरते धरा, तुमचे तुमच्या गावचे घाला. समजा सामान आणि जॉबवर्क मिळून १,४०० रुपये आणि तुमचे ११ तास. तासाला १०० धरले तर १,१००. झाले २,५००. बहुतेक जण इथेच थांबतात. पण पाचातलं एक काम परत आलं, त्यात ७०० चं सामान आणि ६ तास गेले, तर १,३०० रुपये. ते पाच कामांवर वाटले की प्रत्येकी २६०. म्हणजे तुमची पडती किंमत २,७६०. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला २,५०० घेतो म्हणून तुम्ही २,४०० सांगितलेत, तर दर टाकीमागे ३६० रुपये तुम्हीच गिऱ्हाईकाला देताय. मग भाव वाढवा, नाहीतर परत येणारी कामं कमी करा. दुसरं जास्त सोपं आहे. पावसाळ्यात दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर घाईच्या ऑर्डरी घेऊच नका. त्या महिन्यांत घासण्याची आणि लांबीची कामं पुढे काढून ठेवा.

एक राहिलं. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. काळी गाडी लाल करायची म्हटलं तर आरटीओत नोंद करावी लागते. ती जबाबदारी गाडीमालकाची, पण सांगायचं काम तुमचं. ॲडव्हान्स घेतानाच बिलावर एक ओळ लिहा, मूळ रंग आणि नवा रंग, आणि खाली त्याची सही घ्या.