डेल्फ बी-१ : मौखिक परीक्षेची तयारी

प्रश्न : नाशिकमध्ये राहून फ्रेंच शिकणाऱ्याने डेल्फ बी-१च्या मौखिक भागाची तयारी कशी करावी?

उत्तर : डेल्फ या फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाच्या प्रमाणपत्रपरीक्षेत बी-१ पातळीवर मौखिक भागाला १०० पैकी २५ गुण असून, स्वतःविषयी संवाद, नेमून दिलेल्या प्रसंगातील संभाषण आणि छोट्या मजकुरावरून मतप्रदर्शन हे तीन टप्पे सुमारे १५ मिनिटांत होतात, पूर्वतयारीची १० मिनिटे मात्र केवळ तिसऱ्या टप्प्यासाठी मिळत असल्याने पहिल्या दोहोंचा सराव आधीच पक्का असावा लागतो. पाठ केलेले निबंध परीक्षकाच्या उपप्रश्नापुढे टिकत नाहीत, म्हणून द्राक्षशेती, गोदावरीचे प्रदूषण, कुंभमेळ्यातील गर्दी अशा परिचित विषयांवर मत, कारण आणि उदाहरण या क्रमाने रोज मोठ्याने बोलणे, ते ध्वनिमुद्रित करून ऐकणे आणि जोडीदाराकडून उलट प्रश्न विचारून घेणे अधिक फलदायी ठरते. उच्चारांत अनुनासिक स्वरांकडे, म्हणजे तोंडाबरोबर नाकातूनही हवा सोडून उच्चारायच्या स्वरांकडे, मराठीभाषकाने विशेष लक्ष द्यावे, कारण सवयीने त्यांच्यामागे ‘न्’ चिकटतो आणि ‘बों’ व ‘बॉन’ ही पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूपे सारखीच ऐकू येतात. परीक्षा पुण्याच्या आलियाँस फ्राँसेजमध्ये देता येते.