दाढी करताना घाई नको, जोर नको

दहावीत आल्यावर एका शुक्रवारी रात्री हाऊस कॅप्टनने माझ्या हनुवटीकडे पाहिले आणि म्हणाले, "कल इन्स्पेक्शन में ये नहीं दिखना चाहिए." माझ्याकडे रेझर नव्हता. घरी असतो तर बाबांना विचारले असते. पण ते सीमेवर आणि मी हॉस्टेलमध्ये.

शनिवारी पहाटे फॉल-इनला दहा मिनिटे होती. शेजारच्या कॉटवरील मित्राचा रेझर घेतला, थंड पाण्याने तोंड भिजवले, अंगाचा साबण चोळला आणि खालून वर जोरात हात मारला. इन्स्पेक्शनमध्ये पास झालो. पण परेडच्या घामात कॉलर मानेला घासू लागली, तेव्हा आग आग झाली. संध्याकाळपर्यंत मानेवर लाल पुळ्या उठल्या आणि दोन जागी कापल्याचे दिसले.

एमआय रूममध्ये गेलो. तेथील नर्सिंग असिस्टंट सरांनी आधी विचारले, "रेझर कोणाचा?" मी मान खाली घातली. सरांनी समजावले की, ब्लेडवर राहिलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्तातूनही हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतो. आम्हा दोघांचीही रक्ततपासणी झाली. अहवाल येईपर्यंत दोन दिवस मी मित्राच्या नजरेला नजर दिली नाही. अहवाल चांगला आला. पण ते दोन दिवस मी विसरलेलो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा फौजेतून निवृत्त झालेल्या आजोबांनी मला आरशासमोर बसवले. त्यांनी शिकवलेले असे :

१. दाढी आंघोळीनंतर करावी. केस पाणी शोषून मऊ होतात. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. गरम पाणी नसेल तर ओला टॉवेल चेहऱ्यावर धरावा. कोरड्या चेहऱ्यावर रेझर कधीच लावू नये.

२. दाढीचा साबण किंवा क्रीम ब्रशने गोल गोल फिरवून दाट फेस करावा. त्यामुळे केस उभे राहतात आणि ब्लेड कातडीवरून सरकते. फेस लावून मिनिटभर थांबावे.

३. आधी बोटांनी चाचपून केस कोणत्या दिशेला वाढतात ते पाहावे. गालावर ते बहुधा खाली वाढतात, मानेवर मात्र आडवे-तिडवेही असतात. माझी चूक इथेच झाली होती. वाढीच्या दिशेने मारायचा तो सुलटा हात. उलट्या हाताने गाल गुळगुळीत होतो खरा, पण केस फार खोल कापला जातो. मग तो कातडीच्या आतच वळून वाढतो आणि पुळी येते.

४. हात छोटे आणि हलके असावेत. दाबावे लागत असेल, तर ब्लेड बोथट झाले आहे असे समजावे. दर दोन-तीन हातांनंतर ब्लेड पाण्यात धुवावे. मुरूम असेल तिथून रेझर फिरवू नये.

५. शेवटी थंड पाण्याने चेहरा धुऊन टॉवेलने टिपावा, घासू नये. बारीक कापले असेल तर ओली तुरटी लावावी, रक्त थांबते. तुरटीसुद्धा प्रत्येकाची वेगळी हवी. आग होत असेल तर अल्कोहोल असलेले आफ्टरशेव्ह टाळून साधे मॉइश्चरायझर लावावे.

६. रेझर धुऊन, झटकून, कोरड्या जागी ठेवावा.

मी आजोबांना विचारले, "सैनिकाला दाढीचा एवढा आग्रह का?" त्यांनी गॅस मास्कचे उदाहरण दिले. खुंट वाढलेले असतील तर मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही, फटीतून विषारी वायू आत शिरतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांना सेफ्टी रेझर पुरवले होते. आपल्या सैन्यात शीख जवान धर्मानुसार दाढी राखतात, पण ती नीट बांधलेली असते. माझा सरदार मित्र रोज पहाटे माझ्याआधी उठतो, तेव्हा मला कळते की प्रश्न केसांचा नाही, नीटनेटकेपणाचा आहे.

आता मी शनिवारी पंधरा मिनिटे लवकर उठतो. परवा नववीतला एक ज्युनिअर माझा रेझर मागायला आला. मी त्याला रेझर दिला नाही. कँटीनमध्ये नेऊन नवा घेऊन दिला आणि रविवारी सकाळी, घाई नसताना, त्याला आरशासमोर उभे केले.