टांग्याला जुंपताच उधळणारा घोडा

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा घोडा एरवी गरीब आहे, पण टांग्याला जुंपला की उधळतो. जाणते म्हणतात, वाळूत पळवून दमवा. दमवावा का?

उत्तर : दमवू नका. हा हट्ट नव्हे, भीती आहे. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण थेट शेपटीमागचं दिसत नाही. टांगा नेमका तिथं खडखडतो आणि घोडा पळाला की तोही मागून पळत येतो. म्हणून एकेक गोष्ट सुटी शिकवा. आधी नुसता साज चढवा, मग लांब लगाम धरून मागून चालत थांबणं-वळणं शिकवा. नंतर दुसऱ्याने जुना टायर ओढत पुढे चालावं, घोड्याने त्याच्यामागे. वळताना दांडी कुशीला टेकते आणि पुष्कळ घोडे तिथंच बिचकतात. तेव्हा बांबू दोन्ही कुशींवरून हलके फिरवत राहा, घोडा स्थिर उभा राहिला की लगेच काढा. दाब सुटणं हेच त्याचं बक्षीस. रिकामा टांगा सर्वांत शेवटी, तोही तोंडाशी माणूस उभा करून.

दमलेला घोडा शांत दिसतो हे खरं, पण भीती तशीच राहते; ताजातवाना झाला की पुन्हा उधळतो. शिवाय या वयात पाठीच्या हाडांची वाढ पुरी झालेली नसते. झापडांनी काम भागेल म्हणाल, तर ती डोळे झाकतात, कान नाही. एवढं करूनही बिचकला, तर दात आणि साजाखालची कातडी पशुवैद्याकडून तपासून घ्या.