प्रवाळटाकीसाठीं रॅस माशांची निवड

खाऱ्या पाण्याच्या टाकींत प्रवाळ पाळणाऱ्यास रॅस माशांचा मोह पडतोच. विद्यार्थ्यांसाठीं, आणि ज्यांच्या खिशांतून पैसे जावयाचे त्या पालकांसाठींही, आम्ही हे चार शब्द लिहीत आहों. या कुळांत पांचशेंहून अधिक जाती आहेत. परंतु दुकानांत बोटभर दिसणारा मासा पुढें केवढा होईल, हें त्याच्या रंगावरून कळत नाहीं. 'कोरिस गेमार्ड'चें तांबडें, पांढऱ्या डागांचें पिल्लू पाहून कोणाचेंही मन भुलावें; तेंच वाढून सुमारें ४० सेंटीमीटरांचें होतें, दगड उलथतें आणि शंखशिंपले, खेकडे फस्त करितें.

सफाई करणारा निळा रॅस तर आम्ही कोणासही घेऊं देणार नाहीं. समुद्रांत मोठमोठे मासे त्याजपुढें स्वस्थ उभे राहतात व तो त्यांच्या अंगावरील परोपजीवी किडे टिपतो. घरच्या टाकींत एवढें गिऱ्हाईक कोठून मिळणार? बहुधा तो उपासानें झिजून मरतो.

सहा रेघांचा रॅस फार तर १० सेंटीमीटरांचा, पण मोठा भांडखोर. त्यास सर्वांच्या मागून सोडावें. आम्हांस पिवळा 'हॅलिकोरिस' अधिक पसंत आहे. तो रात्रीं वाळूंत शिरून निजतो, यास्तव तळाशीं निदान ५ सेंटीमीटर बारीक वाळू हवी. नवा आणलेला मासा कधीं कधीं कांहीं दिवस वाळूंतच दडून राहतो. तो मेला असें समजून वाळू उकरूं नये.

'सिऱ्हिलॅब्रस' वर्गांतील परी रॅस प्रवाळांस उपद्रव देत नाहींत, परंतु घाबरले कीं पाण्याबाहेर उडी घेतात. टाकीवर बारीक जाळी ताणलेली नसेल, तर सकाळीं मासा जमिनीवर वाळलेला सांपडतो.